माहितगार गावंडेमावशी

गावंडेमावशींच्या जिवावर आजवर चार माणसं डॉक्टर झाली. ही मोजणी त्यांची स्वतःची. गिरणीत आलेल्या कुणालाही त्या हे ऐकवत. "चार डॉक्टर झाले माह्यावर. पन मले सर्दी झाली, का चौघांतल्या एकाले गोयी सांगता येत नाई."

येरवड्यातल्या एका आतल्या गल्लीत मावशींची पिठाची गिरणी आहे. अकोल्याकडच्या खेड्यातून नवऱ्याबरोबर त्या पुण्यात आल्या त्याला तीस वर्षं होऊन गेली. काका कारखान्यात होते, कारखाना बंद पडला, तेव्हा दोघांनी गिरणी टाकली. सातवी शिकलेल्या, उंचीनं बेताच्या, भुवयांवर कायम पिठाची पांढरी साय. त्यामुळे समोरच्याला वाटायचं, या आपल्याकडे जरा आश्चर्यानं बघतायत. बहुतेक वेळा ते खरंही असायचं.

ही गल्ली संशोधकांची फार आवडती होती. विदर्भातले, मराठवाड्यातले, पार उत्तरेकडचे लोक तिथे दाटीवाटीनं राहतात, हे कारण प्रबंधात लिहिलं जातं. खरं कारण असं, की कुठल्याही संस्थेतून रिक्षानं अर्ध्या तासात पोचता येतं आणि दुपारच्या चहाला परत येता येतं. शिवाय गिरणीचं दार उघडं असतं आणि आत बोलणारी बाई असते. स्थलांतरवाले आले, आरोग्यवाले आले, पाणीवाले आले. एकदा तर लोक स्वप्नात काय बघतात हे विचारणारा कुणी मानसशास्त्राचा आला होता. त्याला मावशींनी सांगितलं, "झोप लागली तर स्वप्न पडेल ना बाबा. आधी झोपेचं विचार."

मी त्या गल्लीत गेले ती समाजशास्त्रात एम.ए. करून नुकतीच एका संस्थेत चिकटले होते तेव्हा. हुद्दा क्षेत्रीय अन्वेषक, म्हणजे प्रश्नावली घेऊन दारोदार फिरणारी. "उद्यापासून येरवड्याला जायचंय," असं घरी सांगितल्यावर आमचे बाबा वर्तमानपत्रातून मान वर न काढता म्हणाले, "सुटका कधी आहे?" आम्ही पेठेतले. इतकी चौकशी म्हणजे आमच्याकडे मायाच.

प्रश्नावली चौदा पानी होती आणि पहिली सूचना होती, शक्यतो कुटुंबप्रमुखाला प्रश्न विचारावेत. गिरणी धडधडत होती. मी कुटुंबप्रमुख कोण म्हणून विचारलं, तेव्हा मावशींनी हातातल्या डब्यानंच कोपऱ्यातल्या काकांकडे खूण केली. मी काकांसमोर स्टूल ओढून बसले.

"घरात नळ आहे का?"

"हो."

"की सार्वजनिक नळावरून पाणी आणता?"

"हो."

"गावी शेती आहे?"

"हो."

"म्हणजे विकली नाही?"

"हो."

पाचव्या पानापर्यंत माझी गाडी सुसाट गेली. इतका सहकार्य करणारा माणूस मला आठवड्यात भेटला नव्हता. मग एकदम गिरणी थांबली. मावशींनी बटण बंद केलं होतं. त्या जवळ आल्या आणि हळू आवाजात म्हणाल्या, "पोरी, त्यांना ऐकू येत नाही. या यंत्रानं कान खाल्ले त्यांचे. तुझ्या आधी दोघं येऊन गेले, त्यांनाही ते हो म्हणाले. तुमच्या सगळ्या कागदांवर आमच्याकडे मोटारगाडी असेल."

मी पाच पानं खोडली. मावशींनी संमतीपत्र मागून घेतलं आणि चष्मा लावून सगळं वाचलं. त्या नोकरीत मी कित्येक संमतीपत्रांवर सह्या घेतल्या, पण ते शेवटपर्यंत वाचणारी ही एकटीच. "मी कधीही माघार घेऊ शकते, असं लिहिलंय इथे," त्या म्हणाल्या.

"हो, तुमचा अधिकार आहे तो."

"मग आता घेते. तीन बायका उभ्या आहेत. त्यांची दळणं झाली की परत येते."

आणि खरोखरच तासाभरानं त्या अभ्यासात परत आल्या.

आमच्या प्रश्नावलीत एक प्रश्न होता: गेल्या महिन्याभरात तुमच्या घरी कुणी उपाशी झोपलं का? तो मी वाचून दाखवल्यावर मावशींनी विचारलं, "हे कुणी लिहिलं?"

"आमच्या सरांनी."

"त्यांचं दळण कोण आणतं?"

मी प्रश्नावली चाळायला लागले. मावशी म्हणाल्या, "अगं, चार बायका डबे घेऊन ऐकतायत. यांच्यासमोर कोण हो म्हणणार आहे? एखादी बाई पाच किलो आणायची ती दोनवर आली, मग ज्वारीत मका मिसळायला लागली, मग नवऱ्याऐवजी स्वतः डबा घेऊन दुपारी कुणी नसताना यायला लागली. मला न विचारता कळतं."

माझे डोळे चमकले असावेत. कारण मी पेन सरसावायच्या आत त्या म्हणाल्या, "पण ते मी तुला सांगणार नाही. गिरणीत कळलेलं गिरणीत राहतं."

संशोधनातल्या नैतिकतेवर पुढे मी तीन कार्यशाळा केल्या, प्रमाणपत्रं मिळवली. त्यात या वाक्यापेक्षा जास्त काही शिकवलं असेल, तर मला ते आठवत नाही.

निघताना मावशींनी एकच अट घातली. जे काही निघेल ते परत येऊन सांगायचं. "सगळे म्हणतात येतो. येत कुणी नाही. आम्ही सांगतो, तुम्ही लिहून नेता, आणि पुढे त्याचं काय होतं ते देवाला ठाऊक." आठ-नऊ महिन्यांनी आमचा अहवाल छापून आला आणि मी तो घेऊन गेले, तेव्हा मावशींच्या चेहऱ्यावरचं आश्चर्य पिठाचं नव्हतं. अहवाल इंग्रजीत होता आणि उशीला पुरेल इतका जाड. त्यांनी त्याचं वजन हातानं अजमावलं, मग पाच किलो गहू यंत्रात ओतले आणि म्हणाल्या, "हे दळून होईस्तोवर सांग."

हीच पुढे सगळ्यांची परीक्षा ठरली. एका दळणात सांगायचं. यंत्राच्या आवाजाच्या वर ओरडून सांगायचं, म्हणजे लांबलचक वाक्यं आपोआप गळून पडत. 'बहुआयामी वंचितता' मी एकदाच ओरडून बघितलं. रांगेतल्या बायकांनी मागे वळून बघितलं, कुणाला काही झालं की काय. दळण संपता संपता माझं सांगून कसंबसं झालं. मावशींनी डब्याला झाकण लावलं.

"एवढंच निघालं?"

"हो."

"बरं. पण खरं आहे." मग जरा थांबून, "यात मी कुठे आहे?"

मी पान काढून दाखवलं. त्यांच्या तोंडचं एक छान वाक्य आम्ही चौकटीत छापलं होतं आणि खाली नियमाप्रमाणे 'सुनंदा (नाव बदलले आहे)'.

मावशींचा चेहरा उतरला. "सुनंदा?"

"खरं नाव द्यायचं नसतं, मावशी. तुमच्याच भल्यासाठी."

"अगं, सुनंदा माझी जाऊ आहे! माझ्या तोंडचं एवढं चांगलं वाक्य, आणि तिच्या नावावर?"

काकांना हे ऐकू गेलं नव्हतं, पण मावशींच्या चेहऱ्यावरून ते काहीतरी समजले आणि पहिल्यांदाच "हो" न म्हणता गालात हसले.

तोवर मावशी माझ्याशी बोलायच्या ते अगदी सांभाळून, नवी चप्पल घातल्यासारखं. त्यामागे काय होतं ते मला अनिरुद्धमुळे कळलं. अनिरुद्ध भाषाविज्ञानात पीएच.डी. करत होता. गाव सोडून शहरात आलेल्या माणसांच्या बोलण्यात काय टिकतं आणि काय जातं, हा त्याचा विषय. मी त्याला मावशींकडे घेऊन गेले. त्यानं लहानसं रेकॉर्डर काढलं, मावशींनी सरळ बसून आकाशवाणीवर देतात तशी मुलाखत दिली. अनिरुद्धच्या चेहऱ्यावर निराशा स्पष्ट दिसत होती. त्याला वऱ्हाडी हवी होती आणि मिळत होती सदाशिव पेठ.

मग मावशींच्या बहिणीचा अकोल्याहून फोन आला.

"हाव वं, बोल! ... नाई, मी कुठी जातो? गिरनीतच बसून राह्यली ना मी! ... काहून रडून राह्यली? ... थांब, मी येतो परवाले."

अनिरुद्ध इतका ताठ बसला की मला वाटलं त्याला विंचू चावला. फोन संपल्यावर तो म्हणाला, "मावशी, तुम्ही आत्ता म्हणालात, 'मी येतो'. बाई असून 'येतो'."

मावशींनी पदरानं तोंड पुसलं. मग सांगितलं ते असं. पुण्यात आल्या तेव्हा त्या बाहेरही तसंच बोलायच्या. मी जातो, मी करतो, मी आणतो. त्यांच्याकडे सगळ्या बाया तशाच बोलतात. इथे नळावर, दुकानात, ज्या घरी पोळ्या लाटायला जात तिथे, लोक हसायचे. पोळ्यांच्या घरातल्या मुलांनी तर त्यांचं नावच 'येतो-बाई' ठेवलं होतं. "मग वर्षभर मी बोललेच नाही कुणाशी. फक्त मान हलवायची. ऐकून ऐकून तुमच्यासारखं शिकले, मग तोंड उघडलं."

अनिरुद्ध हा तसा मितभाषी आणि पुणेरीपणात माझ्याही पुढचा. पण त्या दिवशी तो जमिनीवर मांडी घालून बसला आणि मावशींना समजावून सांगत राहिला. तुमच्या बोलीचा तो नियम आहे, त्यात काहीही चूक नाही. दळणाला तुम्ही 'दयन' म्हणता, डोळ्याला 'डोया', तोही नियमच आहे, तुमच्याकडचं सगळं बोलणं तो पाळतं. आमच्याकडचा नियम वेगळा, इतकंच. हसणाऱ्यांना हे माहीत नव्हतं.

"म्हणजे ते अडाणी?" मावशींनी विचारलं.

अनिरुद्धनं विचार केला. "या बाबतीत, हो."

मग त्यानं बहिणीशी झालेलं बोलणं त्यांना ऐकवलं. मावशी डोळे मिटून ऐकत होत्या. "हा माझा आवाज नाही," त्या म्हणाल्या. "माझ्या मायचा आहे." त्यांनी ते पुन्हा लावायला सांगितलं. दोनदा, तीनदा. मग उठल्या, गिरणी सुरू केली आणि रांगेतल्या पहिल्या बाईला मोठ्यांदा म्हणाल्या, "आन तुहा डबा. मी देतो दयून."

त्या दिवसापासून मावशी सगळ्यांशी वऱ्हाडीत बोलायला लागल्या. माझ्याशी, पोस्टमनशी, महापालिकेच्या माणसाशी. कुणी हसलं तर शांतपणे सांगत, "नियम हाये तो. इद्यापीठात लिवलेला हाये." अनिरुद्धच्या प्रबंधात त्या 'माहितगार क्रमांक चार' आहेत. निदान जावेचं नाव नाही, म्हणून तो आकडा त्यांनी चालवून घेतला.

यानंतर आली केतकी. पर्यावरणशास्त्रात संशोधन करणारी, हुशार, भराभर बोलणारी आणि कायम घाईत. डब्याएवढं, बॅटरीवर चालणारं एक यंत्र खिडकीत टांगायचं. ते हवा आत ओढतं आणि आतल्या कागदावर धूळ जमते. तो कागद तोलायचा, यंत्र स्वतः नोंदवतं ते तासातासाचे आकडे संगणकात भरायचे. सहा महिने तिचं यंत्र मावशींच्या गिरणीच्या मागच्या बाजूला, पहिल्या मजल्यावरच्या भाडेकरूंच्या खिडकीत टांगलेलं होतं. केतकी सकाळी येऊन कागद बदलून जायची. पुढे निष्कर्ष तयार झाले आणि मी तिला बजावलं, "आधी मावशींना सांग. एका दळणात."

मीही बरोबर होते. केतकीनं छान सांगितलं. दुपारी चार ते सात गल्लीतली हवा सगळ्यात वाईट असते, आणि कारण म्हणजे मागच्या बाजूच्या घरांतल्या चुली. तिथल्या बायका संध्याकाळचा स्वयंपाक लाकडावर करतात.

पीठ अजून पडत होतं, तरी मावशींनी बटण बंद केलं. आजवर त्यांनी कुणाचं दळण अर्ध्यावर थांबवलं नव्हतं.

"गुरवारी कसं हाये तुह्या कागदात?"

केतकीनं लॅपटॉप उघडला. "गुरुवारी कमी आहे. गुरुवारी कारखान्यांना सुट्टी असते ना, रस्त्यावर गाड्या कमी असतात."

"गुरवारी चुली बंद असतात का?"

केतकी आकडे पुन्हा वरखाली करायला लागली.

"गुरवारी आमच्या गल्लीची लाईट जाते पोरी. गिरनी बंद असते."

मावशी आम्हाला मागच्या बोळात घेऊन गेल्या. गिरणीच्या भिंतीत हवा बाहेर फेकणारा पंखा होता, आणि त्याच्या बरोबर वर, दोन हातांवर, केतकीचं यंत्र. मावशींनी भिंतीवरून बोट फिरवलं आणि ते केतकीसमोर धरलं. बोट पांढरं झालं होतं. "हा तुहा धूर. चार ते सात माह्या गिरनीची गर्दी असते."

सकाळी केतकी यायची तेव्हा पंखा बंद असायचा. इतकी साधी गोष्ट. केतकीला तिथेच रडू फुटलं. मी तिची पाठ थोपटत होते, पण माझं लक्ष मावशींकडे होतं. त्या आपल्या बोटाकडेच बघत होत्या. आपण आत्ता काय दाखवून दिलं, ते त्यांच्या लक्षात यायला लागलं होतं.

दुसऱ्या दिवशी केतकी तिच्या मार्गदर्शकांना भेटून आली. ते म्हणाले, आता पुन्हा मोजत बसायला वेळ नाही. 'अभ्यासाच्या मर्यादा' या भागात एक ओळ टाकून दे आणि मोकळी हो. केतकीला ते पटलं होतं. कुणालाही पटलं असतं. घरी लग्नाची बोलणी चालली होती, शिष्यवृत्ती संपत आली होती. ती मावशींना हे सांगायला आली ती जवळजवळ परवानगी मागायलाच.

"आणि मावशी, तुमच्याही दृष्टीनं तेच बरं. गिरणीचं नाव आलं तर उगाच चौकशी मागे लागेल."

काकांनी या वेळी सगळं ऐकलं होतं, किंवा आदल्या रात्री मावशींनी त्यांच्या कानात ओरडून सांगितलं असावं. ते म्हणाले, "बरोबर बोलून राह्यली पोरगी. तुले कोनं सांगतलं होतं बोट फिरवाले?"

मावशी हाताला काम म्हणून डब्यावरचं पीठ झटकत राहिल्या. मग म्हणाल्या, "मांगच्या घरची मंदा चुलीवर करते. तिच्याजवळ सिलिंडर भराले पैसे नसते म्हनून करते. तुह्या पुस्तकात लिवलं जाईन का गल्लीची हवा तिनं खराब केली. ते कोनी साहेब वाचन, आन तिची चूल बंद करन. मी जानून असून गप बसू?"

"एक ओळ असेल ना खाली, मावशी."

"ओय कोन वाचते? तूच सांग, तू वाचते का दुसऱ्याची?"

केतकी खोटं बोलू शकली असती. ती म्हणाली, "नाही."

"मंग? पुन्ना मोज. माह्या गिरनीचं जे निंगन ते लिव. पुढचं मी पाहून घेतो."

मार्गदर्शकांना केतकीनं कसं तयार केलं ते मला ठाऊक नाही. त्यांनी दोन दिवस तिच्याशी बोलणं टाकलं आणि तिसऱ्या दिवशी यंत्रं वाढवून दिली, एवढं ऐकलं. आता यंत्रं तीन ठिकाणी टांगली गेली: रस्त्याच्या तोंडाशी, मंदाच्या बाजूला आणि गिरणीपाशी. फरक कळावा म्हणून मावशींनी काही दिवस एक दिवसाआड संध्याकाळची गिरणी बंद ठेवली. गल्लीत त्यावरून बरीच कुरकुर झाली. एक आजी रोज येऊन विचारायच्या, "आज शास्त्र आहे की दळण आहे?"

आणि मग काकांनी एक काम केलं. कुणाला न विचारता त्यांनी जाड मांजरपाटाची एक लांब पिशवी शिवून आणली आणि पंख्याच्या तोंडाला बाहेरून घट्ट बांधली. हवा कापडातून जाई, पीठ आत राही. पिशवी बांधल्यावरचा कागद केतकीनं काढला तेव्हा तो इतका स्वच्छ होता की ती त्याच्याकडे बघून पुन्हा रडली. काका घाबरून म्हणाले, "काढू का पिशवी?"

चौकशीला कुणी आलं नाही. यायच्या आधीच चौकशीचं कारण पिशवीत बंद झालं होतं. केतकीच्या प्रबंधातलं चुलींचं प्रकरण पहिल्यापेक्षा निम्मं झालं. चुलीचाही वाटा निघाला, पण थोडा. रस्त्याचा त्याहून जास्त. आणि पिशवीवर तिनं स्वतंत्र भाग लिहिला, त्यात काकांचे शिलाईचे टाकेसुद्धा आले. मावशींना आणि काकांना घेऊन ती एका डॉक्टरांकडे गेली आणि नळीत फुंकायला लावून दोघांची छाती तपासून घेतली. मावशींची छाती थोडी दमलेली निघाली. तेव्हापासून दोघं गिरणीत नाकातोंडाला फडकं बांधून बसतात.

केतकीची खुली मौखिक परीक्षा झाली त्या दिवशी मावशी मोरपंखी साडी नेसून आणि काकांना इस्त्रीचा शर्ट घालून विद्यापीठात आल्या. दोघं पहिल्या रांगेत बसले. तिथे सहसा कुणी बसत नाही. परगावाहून आलेले परीक्षक वयस्कर आणि शिस्तीचे होते. शेवटी त्यांनी रीतीप्रमाणे विचारलं, "श्रोत्यांपैकी कुणाला काही विचारायचं आहे?" यावर कुणी काही विचारत नाही, सगळे बाहेरच्या सामोश्यांकडे बघू लागतात.

मावशी उभ्या राहिल्या. "मी इचारतो."

मार्गदर्शकांनी कपाळावरून रुमाल फिरवला.

"पावसायात मोजलं का तुनं?"

"नाही, मावशी," केतकी म्हणाली. "म्हणजे, पहिल्या वेळी मोजलं होतं, पण ते आकडे बाद झाले."

"पावसायात आमी खिडक्या लावून घेतो. पंखाई बंद ठेवतो, पानी आत येते म्हनून. मंग ते पीठ बाहीर नाई जात. आतच राह्यते. ते कोनाच्या छातीत जाते?"

केतकी मार्गदर्शकांकडे न बघता म्हणाली, "मला माहीत नाही. मोजायला पाहिजे."

परीक्षकांनी पेनाचं टोपण काढलं आणि काहीतरी लिहून घेतलं. मग मावशींकडे वळून अदबीनं विचारलं, "आपण कुठल्या विभागातून?"

"येरवड्यातून," मावशी म्हणाल्या.

परीक्षकांनी तेही लिहून घेतलं.

केतकी पास झाली. मावशींचा चौथा डॉक्टर. सामोसे खाताना परीक्षक स्वतःहून मावशींपाशी आले आणि दोघं बराच वेळ जात्याचा गुळगुळीत झालेला दगड टाकी लावून खरबरीत करण्याबद्दल बोलत होते. परीक्षकांच्या आईच्या माहेरी गिरणी होती, असं निघालं. काका मधे उभे राहून दोघांनाही "हो" म्हणत होते.

मी आता ती संस्था सोडली आहे. वाघोलीच्या एका महाविद्यालयात संशोधनपद्धती शिकवते. मुलांना संमतीपत्राचा तास घेते, प्रश्न कसे विचारावेत ते सांगते, आणि येरवड्याला जाणं वर्षावर गेलंय याची लाज वाटते. म्हणून गेल्या महिन्यात वाघोलीतच, नगर रस्त्यावरच्या बसथांब्यावर भर दुपारी मावशी दिसल्या, तेव्हा मी आधी जरा मागेच सरकले. पण त्यांनी पाहिलं होतं.

"कुठी लपून राह्यली? इकडे ये."

त्या एकट्याच होत्या, काखेत कापडी पिशवी, डोक्यावर पदर. मी विचारलं, "तुम्ही इकडे कुठे, मावशी?"

त्यांच्या गल्लीतली बरीच कुटुंबं गेल्या दोन-तीन वर्षांत वाघोलीकडच्या इमारतींत राहायला गेली होती. काहींनी सुरुवातीला दळण येरवड्यालाच आणलं, मग बंद केलं. गल्लीत राहिलेल्यांतलेही काही पिठाची तयार पाकिटं आणायला लागले होते. गिरणीची रांग आखूड झाली होती. मावशींनी ठरवलं की कारण शोधायचं. गल्लीतल्या घरांत विचारून झालं होतं, आता त्या वाघोलीतली घरं करत होत्या.

"काय म्हणतात लोक?"

"सगळे सांगतात टाईम नाई. म्या म्हनलं, दयन तर पोऱ्हाच्या हातानंई धाडता येते, टाईम कायले लागते? मंग बसलो एकीच्या घरी, चहा घेतला, तिच्या सासूची खुशाली इचारली. तवा समजलं." त्या माझ्याजवळ सरकल्या. "गहू निवडाले कोनी नाई. सासवा म्हाताऱ्या झाल्या, डोये गेले. सुना कामाले जातात. दयनाचं नाईच पोरी, निवडन्याचं हाये. आन मंदासारख्या चार जनी दिवसभर घरी बसून हायेत, निवडून देतीन. पन अजून दहा घरं पाह्यल्याबिगर बोलत नाई मी. दोन घरात खरं निंगालं म्हनून सगळीकडे खरं नसते."

मला त्यांना माझ्या वर्गात घेऊन जावंसं वाटलं. तसं म्हणालेही. "येतो कवा तरी," त्या म्हणाल्या. "आता कामात हावो."

बस आली. मावशींनी माझा गाल धरून हलवला, पिशवी सावरली आणि गर्दीत कोपरं मारत वर चढल्या. त्यांना खिडकीपासूनची दुसरी जागा मिळाली. खिडकीत ऑफिसची ओळखपट्टी गळ्यात घातलेली एक तरुण बाई बसली होती. मावशी स्थिरावल्या, पदर नीट केला आणि तिच्याकडे वळून काहीतरी बोलल्या. त्या बाईनं आधी मोबाइलमधून डोकं काढलं नाही. मावशींनी घाई केली नाही. पुढचं काही त्या हळू बोलल्या असाव्यात, कारण ती बाई एकदम हसली, कानातले इअरफोन काढून हातात घेतले आणि बस हलली तेव्हा हातवारे करून बोलत होती. मावशी मान हलवत ऐकत होत्या.